ऑप्शनला टाकलेला धडा

आमच्या धंद्यात एक शब्दप्रयोग आहे. तो बी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ‘ऑप्शनला टाकणे.’ दहावीच्या प्रश्नपत्रिकेत ‘खालीलपैकी कोणतेही तीन सोडवा’ असे लिहिलेले असते. पाचांतले तीन सोडवायचे म्हटल्यावर दोन सोडून देता येतात, आणि हे नीट जमवले तर एखादा अख्खा धडाच सोडून देता येतो. कोणता धडा सोडला तर मुलांचे गुण कमी होत नाहीत, हे जुन्या प्रश्नपत्रिका समोर पसरून ठरवावे लागते. त्याला नजर लागते. सांगायला संकोच वाटतो, पण मी त्यातला उस्ताद होतो. मुकुटबनच्या पुढे, झरी जामणी तालुक्यातल्या एका गावी मी हायस्कूलला विज्ञान शिकवले. जून उजाडला की आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक मला फोन करायचे, “सर, यंदा काय टाकायचं ऑप्शनला?”

मी सांगायचो, “पहिला.”

पहिला धडा म्हणजे आनुवंशिकता आणि उत्क्रांती. आमच्या शाळेत विज्ञानाचे पुस्तक दुसऱ्या धड्यापासून सुरू व्हायचे. मुलांना त्यात काही वावगे वाटत नसे. घराला पुढचे दार असूनही मागच्या दाराने ये-जा करणारी माणसे असतात, तसेच ते.

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीच्या आठवणी मागितल्या आहेत. गमती देतोच, पण त्यासोबत एक दुरुस्तीही द्यायची आहे. गावात अशी समजूत आहे की पालकांचा विरोध पत्करून उत्क्रांतीचा धडा मी शाळेत आणला. माझ्या निरोपसमारंभात तीन वक्त्यांनी हे सांगितले. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि गप्प बसलो. लढाई झाली हे खरे. ती जिंकली हेही खरे, आणि ती इतकी छान जिंकली की आजही आठवली की मला एकट्याला हसू येते. पण लढणारा मी नव्हतो. मी तर धडा लपवून बसलेला माणूस.

लपवण्याची सुरुवात एका कानापासून झाली.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी आनुवंशिकता मोठ्या हौसेने शिकवायचो. जीभ गोल वळवता येते का, कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी, हे घरी जाऊन बघा, आईचे बघा, वडिलांचे बघा, असा अभ्यास द्यायचो. एके दिवशी सकाळच्या प्रार्थनेलाच एक गृहस्थ येऊन उभे राहिले. डोळे लाल.

“सर, तुमी माह्या घरात आग लावली.”

“काय झालं?”

“पोट्ट्याच्या कानाची पाळी चिपकेल हाय. माही सुटी, त्याच्या मायचीबी सुटी. आता रातभर घरात काय झालं असन ते तुमीच समजा. बायको माहेरी चालली.”

मी प्रार्थना अर्धी सोडून त्यांच्या घरी धावलो. दोघांची पाळी सुटी असली तरी मुलाची चिकटलेली असू शकते, तो गुण दोन्हीकडून लपून आलेला असतो, हे बाजेवर बसून समजावले. कोणी ऐकेना. शेवटी ओसरीवर विडी ओढत बसलेल्या आजोबांचे मुंडासे वर सारून त्यांचे कान बघितले. पाळी चिकटलेली! सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. बाई हातातली पिशवी खाली ठेवून चहा टाकायला गेल्या. मी मात्र त्या चहाच्या घोटाबरोबर ठरवले, हा धडा नको.

कान हे निमित्त झाले. खरे कारण माकड.

आमच्या पालक समितीचे अध्यक्ष दादारावजी. चांगले कापूसवाले शेतकरी, गळ्यात माळ, दर शनिवारी मारुतीला तेल. शाळेच्या विहिरीवर मोटर बसली ती त्यांच्यामुळे. कोणाचे पोर शाळेत येत नसेल तर त्याच्या वावरात जाऊन त्याला काढून आणणारा माणूस. ते वर्षातून एकदा मला गाठायचे.

“सर, ते माकडाचं तुमी शिकवत नाई न?”

“नाही.”

“बरं हाय. पोट्ट्यायले घरी आमी सांगतो का देवानं घडवलं, अन् इथं तुमी माकडाची अवलाद सांगसान तं त्यानं आयकाचं कोणाचं?”

मी मान हलवायचो. तपासणीला साहेब यायचे, चहा घ्यायचे, विचारायचे, “अभ्यासक्रम पूर्ण?” मी म्हणायचो, “पूर्ण.” तेही मान हलवायचे. बाहेरच्या माणसाला वाटते की शाळेत सरकार एक सांगते, पालक दुसरे सांगतात आणि मास्तर बिचारा मधे भरडला जातो. तसे काही होत नाही. मास्तर हुशार असला तर दोघांनाही खूश ठेवतो. सरकारने सांगितलेला धडा पुस्तकात असतो, पालकांनी नको म्हटलेला धडा वर्गात नसतो. पुस्तके बदलली, धडा इकडचा तिकडे गेला, मी माझे ऑप्शन त्याच्या मागे मागे नेले.

यात कोणाचे काही गेले नाही, असे मी समजत होतो.

शाळेतली खिचडी शिजवायला सुमनबाई होत्या. नवरा लवकर गेला, तीन एकर वावर स्वतः बघायच्या, सकाळी वावरातून येऊन दुपारी आमच्या चुलीपाशी. त्यांचा मोठा मुलगा प्रफुल माझ्याच हाताखाली दहावी झाला. विज्ञानात त्याचे डोके चालायचे. निकाल लागला, त्याने वणीला अकरावी सायन्सला नाव घातले, आणि दिवाळीच्या आधीच तो घरी परत आला. मी विचारले तेव्हा म्हणाला, “जमलं नाई सर.” पुढे तो राजूरकडे कोळशाच्या खाणीवर टिप्पर चालवायला लागला. मला वाईट वाटले. पैशाची ओढाताण असेल, असे मनाशी ठरवून मी मोकळा झालो.

त्यांची मुलगी रोशनी दहावीत आली त्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला नसेल, सुमनबाई पदराला हात पुसत आमच्या खोलीच्या दारात आल्या.

“सर, रोशनी म्हणते तुमी दुसऱ्या धड्यापासून चालू केलं.”

“हो. पहिला ऑप्शनला आहे.”

“मोठ्याच्या टायमालेबी ऑप्शनलेच होता न?”

“हो.”

त्या म्हणाल्या, “वणीले त्याच्या कॉलेजात पह्यल्याच हप्त्यात त्या सरनं इचारलं, उत्क्रांती कोणाकोणाची झाली, हात वर करा. साऱ्यायनं केला, यानं नाई केला. सर म्हणे, पुस्तकातला पह्यलाच धडा हाय, तू कोन्या शाळेचा रे? यानं आपल्या शाळेचं नाव सांगतलं. पोट्टे हासले. मंग ते रोजचंच झालं. ‘दुसऱ्या धड्यावाला’ म्हणत त्याले. त्यानं मले दोन साल हे सांगतलं नाई.”

मी खुर्चीवरून उठलो, परत बसलो.

“सर, तुमच्यावर राग नाई माहा. पण पोरीचं नाव असं पडाले नाई पाह्यजे.”

“बघतो,” मी म्हणालो. याचा अर्थ शाळेत काय होतो, हे खिचडी शिजवणाऱ्या बाईलाही माहीत असते. त्यांनी माझ्यावर विसंबायचे सोडले आणि पालकांच्या सभेत विषय काढायचा ठरवला.

ती सभा मी कधी विसरणार नाही. बातमी आधीच फुटली होती, त्यामुळे एरवी बोलावूनही न येणारे पालक आले होते. दारात चपलांचा ढीग. वाद होणार हे ऐकून तालुक्याचे साहेबही आले. दादारावजी उभे राहिले.

“पोट्टे आमचे. जेवू आमी घालतो, कपडे आमी घेतो. त्यायच्या डोक्यात काय घालाचं ते आमी ठरवू. सरकार कोण होय?”

मागून कोणी बोलले, “सरकार खिचडी देते न भाऊ!”

“खिचडी पोटात जाते, डोक्यात नाई. अन् हे पाहा,” त्यांनी मोबाइल वर धरला, “दिल्लीच्या पुस्तकातून हा धडा दहावीतून काढला म्हणतात. मंग आपल्याच पोट्ट्यायनं कोणाचं घोडं मारलं?”

सगळ्यांनी साहेबांकडे बघितले. साहेब उभे राहिले, घसा साफ केला. “दिल्लीचं पुस्तक वेगळं, आपलं राज्य मंडळाचं वेगळं. मंडळाचा अभ्यासक्रम शिकवणं बंधनकारक आहे. तरीपण स्थानिक पातळीवर, सामंजस्यानं, सर्वांना विश्वासात घेऊन...” हे वाक्य कुठे संपले ते मला आठवत नाही. नंतर त्यांनी मला बाहेर बोलावले आणि कानाशी लागून म्हणाले, “सर, तुम्ही जाणते आहात. टाका ना ऑप्शनला. कशाला उगाच?” मग सरकारचा सगळा अधिकार मोटारसायकलवर बसला, किक मारली आणि तालुक्याला निघून गेला.

मी आत आलो तेव्हा सुमनबाई उभ्या होत्या.

“मलेबी बोलाचं हाय.”

एक जण म्हणाला, “तुमच्यात देव नाई सुमनबाई. तुमाले माकड काय अन् माणूस काय, सारखंच.”

काही जण हसले. त्या बौद्धपुऱ्यातल्या. असे टोमणे त्यांनी खूप ऐकलेले. त्यांनी त्याच्याकडे बघितलेही नाही.

“देवाचं नाई इचारून राह्यली मी. धड्याचं इचारून राह्यली. दादारावजी, पालकाचा हक्क म्हणता, तं मीबी पालकच होय न? तुमच्या पोट्ट्यायले नसन आयकाचं तं नका आयकू देऊ. माह्या पोरीले शिकवा.”

“एकटीले?”

“एकटीले.”

“बाई,” दादारावजींचा आवाज खाली आला, “खिचडी कोणी शिजवाची तेबी समितीच ठरवते बरं.”

हे त्यांनी बोलायला नको होते, हे त्यांच्याच तोंडावर दिसत होते. पण बोलून गेले होते.

सुमनबाई म्हणाल्या, “ठरवा. खिचडी मी घरीबी शिजवते. धडा नाई शिजत घरी.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला इथे लिहायला आवडले असते की मी ताठ उभा राहून दोन वाक्ये सुनावली. मी फक्त “सोमवारी दुसऱ्या तासाला” इतकेच म्हणालो, आणि तेही खिडकीकडे बघून. दादारावजींनी लगेच अट घातली: ज्यांच्या पालकांना नको त्यांची मुले त्या तासाला बाहेर लिंबाखाली बसतील. सुमनबाई म्हणाल्या, “बसू द्या. अन् ज्याले वाटते मास्तर भलतंच सांगन, त्यानं आत येऊन बसावं. आयकावं, मंग बोलावं.” याला कोणाला नाही म्हणता येईना.

शनिवार-रविवार मी घरी विद्यार्थ्यासारखा अभ्यास केला. इतकी वर्षे न उघडलेला धडा माझाच कच्चा झाला होता.

सोमवारी वर्गात पहिल्या बाकावर एकटी रोशनी. बाकीचा अख्खा वर्ग लिंबाखाली. पण ज्याने कोणी ही व्यवस्था लावली, त्याने आमच्या शाळेच्या खिडक्या बघितल्या नव्हत्या. त्यांची दारे केव्हाचीच गळून पडलेली, नुसते गज. लिंब खिडकीला लागून. आणि माझा गळा शेजारच्या वर्गाचा गोंगाट कापत जाणारा. कान-पाळीची गोष्ट सांगितली तेव्हा बाहेरून खुसखुस ऐकू आली. थोड्या वेळाने गजांमधून नाके दिसायला लागली.

तेवढ्यात दादारावजी आले. मुले खरेच बाहेर आहेत की नाही हे बघायला आले होते. सगळी पोरे खिडकीला लटकलेली बघून ते दारात थांबले. “पालकाले बसता येते न आत?”

“या ना.”

ते शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मी आनुवंशिकता संपवून पुढे सरकलो. ते ऐकत होते, पण अस्वस्थ. शेवटी राहवले नाही.

“सर, माकड कवा येते?”

“येईल.”

“नाई, म्हटलं एकदाचं येऊन जाऊ द्या.”

पुस्तकातले उदाहरण फळ्यावर मांडणार होतो. पण त्यांच्याकडे बघून मला दुसरेच सुचले. मी विचारले, “दादारावजी, बीटीचा कापूस आला तेव्हा बोंडअळी लागत होती का?”

“नाई लागे. सुरवातीले एकबी नाई. आता बोंड फोडलं का आत गुलाबी आळी.”

“असं काहून झालं?”

“सवय झाली आळीले. बियाण्यातलं जहर पचते तिले आता.”

“कोणत्या अळीला सवय झाली? जिने खाल्लं ती तर मेली. मेलेलीला सवय कशी होईल?”

“मंग?”

मी खडू घेऊन फळ्यावर अळ्या काढल्या. सगळ्या अळ्या सारख्या नसतात. लाखात एखादी जन्मतःच अशी निघते की तिला त्या जहराने काही होत नाही. कानाच्या पाळीसारखे, आईबापाकडून आलेले. जहर नव्हते तेव्हा तिला त्याचा काही उपयोग नव्हता. जहर आले, बाकीच्या मेल्या, ती उरली. तिच्यासारख्या ज्या थोड्या उरल्या, त्यांचेच आपसात जमले. त्यांना पिल्ले झाली, तीही तशीच. काही हंगामांत वावर त्यांचेच. एकाही अळीला सवय झाली नाही. मेल्या त्या मेल्या, आणि उरल्या त्यांची पिढी वाढली.

“याला नैसर्गिक निवड म्हणतात. धडा एवढाच आहे.”

दादारावजी बाकावरून उठून फळ्यापाशी आले. “मंग त्या बियाण्याच्या पाकिटात साध्या बियाण्याची लहान पुडी येते, ते कायले?”

“ती चारी बाजूंनी लावायची असते. त्या साध्या पऱ्हाटीवर साध्या अळ्या जगतात. त्या या उरलेल्या अळ्यांशी जमतात, आणि पुढची पिढी सगळीच जहर पचवणारी निघत नाही. तुम्ही काय करता त्या पुडीचं?”

ते खिडकीकडे बघायला लागले. खिडकीतून दोन-चार आवाज एकदम आले, “धुऱ्यावर फेकतात!”

“सारेच फेकतात,” ते म्हणाले. “लहान पुडीतलं बियाणं कमजोर असते म्हणून.” मग हळू आवाजात, “म्हणजे हे आळी आमीच निवडली?”

“तुमच्या-आमच्या वावरातच निवडली गेली.”

ते खिडकीपाशी गेले आणि गजांवर हात ठेवून ओरडले, “आयकलं का बे? अन् बाहेर काहून बसले? या आत!”

अख्खा वर्ग दारातून आत आला. बाके सरकली, धूळ उडाली. त्यांच्यामागून अजून एक जण आत आला. पायांत खाणीवरचे जाड बूट, अंगावर काळपट पडलेला शर्ट, हातात दुपट्ट्यात गुंडाळलेले काही तरी. प्रफुल. रात्रपाळी संपवून तो सरळ इकडे आला होता आणि इतका वेळ पोरांच्या मागे खिडकीत उभा होता.

आणि इथे ती गोष्ट घडली जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. दादारावजी खुशीत म्हणाले, “झालं न सर? नाई आलं माकड! उगाच बोभाटा केला लोकायनं.” आणि मी पुस्तक मिटले. शेवटचे पान बाकी होते, माणसाचे. पण दादारावजी खूश, पोरे आत, सुमनबाईंची मागणी पूर्ण. तास संपायला आलाच होता. एक पान ऑप्शनला टाकले तर कोणाचे काय जाणार होते? इतक्या वर्षांचा हात, तो आपोआपच मिटला.

“सर, एक पान राह्यलं,” रोशनी म्हणाली.

मी ऐकले नाही असे दाखवणार होतो. तोच प्रफुल पुढे आला.

“सर, मी बसू का? तवा हे झालं नवतं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते. त्याने दुपट्टा सोडून टेबलावर एक करडा, चपटा गोटा ठेवला. “कोळशावरची माती-गोटे आमी टिप्परनं नेऊन टाकतो, त्यात असे निघतात. याच्यात पान हाय. मी झाडं पाह्यले, असं पान नाई दिसलं कुठं. म्हटलं सरले इचारू.”

गोट्यावर बोटभर रुंद, लांबट पानाचा ठसा होता. मधली शीर आणि दोन्ही बाजूंना बारीक रेषांची जाळी, कोणी सुईने कोरावी तशी. पोरे टेबलावर ओणवी झाली.

“हे झाड आता पृथ्वीवर कुठेच नाही,” मी सांगितले. “आपला कोळसा या झाडांचा आहे. तेव्हा कापूस नव्हता, गाय नव्हती, माणूस नव्हता.”

“मंग माणूस कवा आला?” प्रफुलने विचारले.

ते शेवटच्या पानावर होते. मी पुस्तक उघडले.

“दादारावजी,” मी म्हणालो, “आता माकड येतंय.”

ते मागच्या बाकावर जाऊन सावरून बसले, प्रफुल त्यांच्या शेजारी. मी म्हणालो, “माकडापासून माणूस झाला असं पुस्तक म्हणत नाही. पुस्तक म्हणतं, फार फार मागे दोघांचा पूर्वज एक होता. तो आता नाही. त्याच्या एका वंशातून माकडं आली, दुसऱ्यातून माणूस. म्हणजे ते आपले बाप नव्हेत. फार दूरचे चुलतभाऊ.”

सगळे मागच्या बाकाकडे बघत होते. दादारावजींनी बराच वेळ माळेचा मणी दोन बोटांत फिरवला. मग म्हणाले,

“चुलतभाऊ. म्हणजे वावरात हिस्सा मांगाले येतीन का?”

“येतेच न आजोबा!” पोरे एकदम ओरडली. “तुरीत!”

तुरीला शेंगा धरल्या की आमच्याकडे माकडांच्या टोळ्या वावरात उतरतात आणि राखण करता करता माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. असा हशा त्या वर्गाने कधी ऐकला नसेल. शेजारच्या वर्गाच्या बाई काय झाले म्हणून धावत आल्या. दादारावजी स्वतः डोळे पुसेपर्यंत हसले. मग गंभीर झाले.

“सर, तुमी मारुतीले जाता न शनिवारी? मी पाह्यतो तुमाले.”

“जातो. हा धडा मारुतीबद्दल काही म्हणत नाही.”

“मले नाई पटलं हे. आळीचं पटलं, माकडाचं नाई पटलं. घरी मी माहं सांगीन.”

“सांगा. तो तुमचा हक्क आहे.”

“इथं तुमी तुमचं सांगा. पोट्टं दोन्ही आयकन. अक्कल असन तं ठरवन.” ते उठले. दारात सुमनबाई केव्हाच्या येऊन उभ्या होत्या, हातात पळी तशीच. दादारावजी त्यांच्यापाशी थांबले. “बाई, ते खिचडीचं मी बोललो ते चुकलं. आज मीठ कमी टाका, बीपी हाय मले. इथंच जेवतो.”

घंटा झाली. कोणी उठले नाही. सवयीने मी विचारले, “उत्क्रांती म्हणजे काय, कोण सांगेल? हात वर करा.”

मागच्या बाकावरून पहिला हात वर झाला. कोळशाने नखे काळी झालेला, मोठा हात. प्रफुलने उत्तर दिले, आणि ते बरोबर होते.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. रोशनी वणीला अकरावीत गेली तेव्हा तिलाही तोच प्रश्न विचारला गेला, आणि तिने हात वर केला. आता ती यवतमाळला बी.एस्सी. करते. प्रफुल टिप्परच चालवतो. त्याचे कॉलेजचे दिवस मी परत देऊ शकत नाही आणि त्याने ते कधी मागितलेही नाहीत. तो गावात भेटला की थांबतो, बोलतो. ते मला कधी कधी जड जाते.

तो गोटा शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. निवृत्तीच्या वेळी कोणीतरी त्याखाली चिठ्ठी लावली, त्यावर माझे नाव, ‘सप्रेम भेट’ म्हणून. यंदा जूनमध्ये मी शाळेत जाऊन ती काढली आणि प्रफुलचे नाव लावले. सुमनबाई चुलीपाशीच होत्या. म्हटले, तुमचेही नाव लिहू का? त्या हसायला लागल्या. “गोट्यावर नाव टाकाले मी का मेली, सर?” म्हणून ते गोट्यावर न लिहिता इथे लिहितो आहे. हा धडा आमच्या शाळेत सुमनबाईंनी आणला.

त्याच दिवशी दुसऱ्या तासाला दहावीच्या वर्गात पहिला धडा होता. माझ्या जागी आलेल्या मॅडम तरुण आहेत, मारेगावच्या. मागच्या बाकावर दादारावजी होते. ते दरवर्षी येतात. आता ती लहान पुडी वावराच्या चारी बाजूंनी लावतात आणि शेजाऱ्यांनाही लावायला सांगतात, कोणी ऐकते, कोणी ऐकत नाही. मी त्यांच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मॅडमनी कानाच्या पाळीपासून सुरुवात केली. थोड्या वेळाने दादारावजींनी मला कोपर मारले आणि मोठ्याने विचारले,

“मॅडम, माकड कवा येते?”

“शेवटच्या पानावर, आजोबा,” त्या म्हणाल्या.

आम्ही दोघे थांबलो. घंटा व्हायच्या आत ते आले.